नकटी

आमच्या यंत्राचं कागदोपत्री नाव लांबलचक इंग्रजी होतं. दूध संघाच्या डॉकवरच्या, म्हणजे दुधाचे कॅन उतरवायच्या धक्क्यावरच्या, पोरांनी तिसऱ्याच दिवशी त्याला 'नकटी' म्हणायला सुरुवात केली. बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्याएवढी स्टीलची पेटी, एका बाजूनं टेफ्लॉनची बारीक नळी, आत आठ सेन्सर. इलेक्ट्रॉनिक नाक म्हणून आणलं आणि नाकाचा पत्ता नाही, म्हणून नकटी. तेव्हा मला राग आला होता. पुढं या नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं येत गेली, तेव्हा नाव ठेवणाऱ्याला दाद द्यावीशी वाटली.

ही २०२१ सालची गोष्ट. मी पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत सेन्सरचं काम करतो. कृष्णाकाठच्या एका दूध संघानं आमचं यंत्र चाचणीसाठी घेतलं होतं. काम एकच: कॅनमधलं दूध वासावरून घ्यायचं की परत पाठवायचं, ते सांगणं.

बाहेरच्या माणसाला वाटतं की डेअरीत दूध तपासतात म्हणजे फॅट आणि एसएनएफ, म्हणजे चरबी सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ. तो भाव ठरवण्याचा भाग झाला. त्याआधी, टेम्पोतून कॅन उतरला की सगळ्यात पहिली तपासणी माणसाचं नाक करतं. झाकण उघडायचं, उलटं करायचं आणि झाकणाच्या आतल्या बाजूचा वास घ्यायचा. दुधाचा नव्हे, झाकणाचा. गावातून डॉकपर्यंतच्या प्रवासात कोमट दुधाची वाफ झाकणाखाली कोंडलेली असते, सगळा मामला तिथं असतो. एका कॅनला तीन-चार सेकंद. तेवढ्यात 'जाऊ दे' किंवा 'बाजूला'. गार केलेल्या टँकरच्या दुधाला वासच येत नाही, त्याचा नमुना गरम करून हुंगावा लागतो. दूध गावातच गार करून साठवणारे बल्क कूलर गावोगाव झाले तरी या संघाचे काही मार्ग अजून कॅनवरच होते, म्हणून आम्हाला ही जागा सोयीची.

तिथलं नाक म्हणजे अण्णा. नोकरी चौतीस वर्षं, निवृत्तीला दोन राहिलेली. तंबाखू नाही, पान नाही, आणि त्या भागात हे सांगितलं तर लोक आधी हसतात. पाळी संपेपर्यंत चहासुद्धा नाही. पहिल्या दिवशी मी डिओ मारून गेलो होतो. अण्णा दोन पावलं मागं सरकले. म्हणाले, "साहेब, उद्यापासनं सेंट नगं. तुमच्या मशिनला चालत असंल, मला चालत न्हाई." मशीनलाही चालत नव्हतं, पण ते मी त्यांना सांगितलं नाही.

आता थोडं नकटीविषयी, कारण इथं माझा जीव गुंतलेला आहे. आतले सेन्सर टिन ऑक्साइडचे. हा प्रकार १९६२ साली जपानमध्ये नाओयोशी तागुची यांनी शोधला, तोही घरगुती गॅसची गळती ओळखण्यासाठी. टिन ऑक्साइडचा थर आतल्या हीटरनं तीनशे-चारशे अंशांपर्यंत तापवायचा. हवेतला ऑक्सिजन त्याच्या पृष्ठभागावर चिकटतो आणि इलेक्ट्रॉन अडवून धरतो. वासाचे रेणू आले की या ऑक्सिजनशी त्यांची अभिक्रिया होते, अडकलेले इलेक्ट्रॉन सुटतात आणि थराचा रोध उतरतो. एवढंच. एका सेन्सरला काहीच 'ओळखता' येत नाही; अल्कोहोल असो, गॅस असो, फोडणी असो, रोध उतरतोच. गंमत आहे ती आठ सेन्सर आठ प्रकारे उतरतात त्यात. त्या आठ आकड्यांचा मिळून एक ठसा तयार होतो. ही युक्ती वॉरिक विद्यापीठाच्या कृष्णा परसौद आणि जॉर्ज डॉड यांनी १९८२ साली 'नेचर'मध्ये मांडली, तिथून इलेक्ट्रॉनिक नाकाचा धंदा सुरू झाला. माणसाच्या नाकात गंधग्राहकांचे जवळपास चारशे प्रकार आहेत. आमच्याकडे आठ. विक्रीवाले हा आकडा सांगत नाहीत.

आणि हे सेन्सर नाजूक किती! सिलिकॉनची वाफ लागली की कायमचे बधिर होतात. खिडकीच्या फटीला कुणी सिलिकॉन सीलंट लावलं की संपलं, केसांना लावायच्या चकचकीत सीरमचाही मला धसका. त्यात दमट हवा चढली की आकडे आपोआप सरकतात. आणि अल्कोहोल! डेअरीत दूध आंबलंय का हे बघायला परीक्षानळीत दूध आणि ६८ टक्के अल्कोहोल समप्रमाणात घेऊन हलवतात; काचेला कण चिकटले की दूध फाटलं. ही चाचणी करायचं टेबल नेमकं डॉकच्या तोंडाशी, नकटीपासून चार फुटांवर. दर नळीमागे माझे आठही सेन्सर झिंगल्यासारखे आपटायचे. पहिला आठवडा याच्यातच गेला. शेवटी मी भांडून ते टेबल हॉलच्या पार दुसऱ्या टोकाला हलवून घेतलं. हे टेबल लक्षात ठेवा.

नकटीला स्वतःचं मत नसतं. तिला शिकवावं लागतं. कॅनच्या दुधाचा थोडा नमुना बाटलीत घ्यायचा, चाळीस अंशांवर गरम करायचा, वरची हवा पंपानं ओढायची, आठ आकडे नोंदायचे. आणि त्याच्यासमोर लिहायचं: माणूस काय म्हणाला. अशा काही शे नोंदी झाल्या की संगणक 'घ्या' आणि 'बाजूला' यांच्यातली रेघ शोधतो. कोलकात्याच्या सी-डॅक या सरकारी संगणन संस्थेनं चहासाठी असं नाक केलं, त्यांनाही शेवटी आकडे चहा चाखणाऱ्यांनी दिलेल्या गुणांशीच पडताळावे लागले. म्हणजे यंत्र वास घेतं असं आपण म्हणतो तेव्हा ते कुणाच्या तरी नाकाची नक्कल करत असतं. आमच्यापुरतं ते नाक अण्णांचं होतं.

फेब्रुवारी-मार्चचे सहा आठवडे दृष्ट लागण्यासारखे गेले. आठ आकड्यांचा पसारा दोन अक्षांवर दाबून पडद्यावर ठिपके मांडले की दोन पुंजके स्पष्ट दिसायचे. एप्रिलमध्ये दुसरी लाट आली. मी पुण्यात अडकलो, डॉकवरची निम्मी माणसं आजारी पडली. अण्णा पंधरा दिवस दवाखान्यात होते एवढं फोनवर कळलं. जुलैअखेर महापूर. सांगलीच्या आयर्विन पुलाखालचं पाणी उतरलं, रस्ते उघडले, तेव्हा ऑगस्टमध्ये मी नकटीला घेऊन पुन्हा डॉकवर उभा राहिलो.

अण्णा बारीक झाले होते. हातात तोच नॅपकिन. जवळ गेलो तर लवंगेचा वास आला. मला नवल वाटलं, पण म्हटलं घसा धरला असेल. कोविडनंतर सगळ्यांचेच घसे धरलेले.

दुसरा टप्पा पहिल्या दिवसापासून बिघडला. पुंजके एकमेकांत मिसळले. अण्णा 'ठीक' म्हणाले ते ठिपके लांब कुठंतरी पडायचे, 'बाजूला' म्हणाले ते चांगल्या दुधाच्या मधोमध. मी जे करायचं ते सगळं केलं. कोळशातून गाळलेली हवा सोडून पाया तपासला. ब्युटेनॉलचं ठरलेलं द्रावण हुंगवलं. ऑगस्टची ओल, म्हणून नळीत सिलिका जेल भरलं. तरी जमेना, तेव्हा सेन्सर म्हातारे झाले असं ठरवून त्यातले दोन काढून टाकले आणि नवे घातले. नवा सेन्सर घातला की आधीचं शिक्षण त्याला लागू पडत नाही, सगळं पहिल्यापासून. ते दोन जुने सेन्सर मी कचऱ्यात टाकले. ते ठणठणीत होते हे आज मला माहीत आहे.

मग एका सकाळी पडद्यावर आठही रेघा एकदम आपटल्या. वळून बघतो तर अल्कोहोलचं टेबल पुन्हा डॉकच्या तोंडाशी! मी त्या पोराला नको ते बोललो. तो म्हणाला, "अण्णांनी आणाय लावलं." अण्णा शांतपणे म्हणाले, "तिकडं लांब पडतंय ओ. पोरगं हेलपाटं घालतंय." टेस्टरच्या पायांची काळजी डॉकवर कधीपासून होऊ लागली, एवढंच मनात आलं. गुणवत्ता विभागाच्या साहेबांकडे तक्रार केली. ते डेअरीची पदवी घेतलेले, केबिनमध्ये पडद्यासमोर बसलेले, सहा महिन्यांत एकदाही झाकण न हुंगलेले. म्हणाले, "सिनियर माणूस आहे, ॲडजस्ट करा."

त्याच आठवड्यातली ती सकाळ. पूरपट्ट्यातल्या एका गावच्या दूध संस्थेचे चार कॅन आले, बरोबर सचिव स्वतः. नळीत कण दिसले. तिथला नियम असा: अल्कोहोलमध्ये दूध फाटलं तरी लगेच परत पाठवायचं नाही, अण्णांनी वास घ्यायचा. वासाला चांगलं असेल तर उकळून बघायचं आणि मग ठरवायचं. कारण न आंबलेलं दूधही कधीकधी अल्कोहोलमध्ये फाटतं. जनावर नुकतं व्यालेलं असलं, चारा एकदम बदलला, दुधातल्या क्षारांचं गणित हललं, की फाटतं. पुरानंतर त्या गावांत ओला चारा कुजून गेला होता, मिळेल ते जनावरांपुढं टाकलं जात होतं. सचिव हेच सांगत होता. "अण्णा, आंबलेलं न्हाई. वास तरी घ्या नीट."

अण्णांनी झाकण उलटं केलं, नाकाशी नेलं. नेहमीपेक्षा जास्त वेळ धरलं. डोळे मिटले. म्हणाले, "आंबूस हाय."

चारही कॅन परत गेले. मी नमुना घेतला होता. नकटीच्या मते ते दूध साफ होतं. मी पडद्याकडं बघितलं, अण्णांकडं बघितलं, आणि वहीत 'आंबूस' लिहून नकटीला तेच शिकवलं.

करपलेल्या दुधाचा प्रकार त्यानंतर दोन दिवसांनी. पाळी संपल्यावर पोरांनी प्रयोगशाळेतल्या शेगडीवर चहासाठी दूध ठेवलं आणि विसरले. करपलेल्या दुधाचा वास ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको. दोन खोल्या ओलांडून मी धावत आलो, बाहेरून ड्रायव्हर ओरडत आला. शेगडीपासून हातभर अंतरावर अण्णा वही भरत बसले होते. मान वर केली ती आमच्या पावलांच्या आवाजानं. मी शेगडी बंद केली. कुणी काही बोललं नाही, हसून सगळे पांगले. मला वाटलं, लिहिण्यात गुंग असतील.

त्या रात्री लॉजवर झोप येईना, म्हणून संघाच्या वहीचे काढलेले फोटो चाळत बसलो. तोपर्यंत मी फक्त 'घ्या' आणि 'बाजूला' हा रकाना संगणकात भरत होतो. शेजारी शेऱ्याचा रकाना असतो. फेब्रुवारी-मार्चच्या पानांवर अण्णांचे शेरे बघत गेलो: मुरघास. खवट. गोठ्याचा वास. औषध. धूर. कॅन नीट धुतला न्हाई. एका ठिकाणी 'रॉकेल'. एका ठिकाणी 'शेळीचं मिसळलंय', पुढं उद्गारचिन्ह. धार काढायच्या आधी जनावरांना मुरघास, म्हणजे हवाबंद करून मुरवलेला हिरवा चारा, घातला तर तो वास दुधात उतरतो. त्यानं दूध आंबत नाही, अल्कोहोलमध्ये फाटत नाही, कुठल्याच नळीत दिसत नाही. खवटपणाचंही तसंच, चरबी फुटून ब्युटिरिक आम्ल सुटतं, ते आधी नाकालाच कळतं.

मग ऑगस्टची पानं. ठीक. ठीक. ठीक. आंबूस. ठीक. आंबूस. पानंच्या पानं दोनच शब्द. आणि जिथं जिथं 'आंबूस', तिथं तिथं अल्कोहोलच्या रकान्यात फाटल्याची खूण. एकही अपवाद नाही.

लॅपटॉप उघडून 'ठीक' असूनही लांब पडलेले ठिपके शोधले. मार्चमध्ये ज्या संस्थांपुढं 'मुरघास' लिहिलं होतं, त्यातल्या बऱ्याच त्याच. नकटी तीन आठवडे तेच सांगत होती. मी तिचे सेन्सर उपटले.

लवंग, टेबल, करपलेलं दूध, सगळं एका ओळीत येऊन बसलं. आनंद व्हायला हवा होता, आमच्या धंद्यात बिघाड सापडण्याइतकं सुख नाही. झाला नाही.

दुसऱ्या दिवशी पाळी संपेपर्यंत थांबलो. अण्णा कॅन धुण्याच्या जागेमागं चहा घेत उभे होते. मी एवढंच म्हणालो, "अण्णा, या महिन्यात वहीत मुरघास कुठंच दिसत नाही."

बराच वेळ ते कपात बघत राहिले. मग म्हणाले, "ह्यो चहा नुसता गरम लागतोय साहेब. मेपासनं."

डॉक्टरांनी रोज लवंग, लिंबू, निलगिरी हुंगायला सांगितली होती. नाकाला पुन्हा सवय लागते म्हणे. खिशातली लवंगांची पुडी त्यासाठी. घरी फक्त बायकोला माहीत. झाकण उघडल्यावर काय होतं, असं मी विचारलं. "वाफ लागती नाकाला. तेवढंच. मग बघायचं गाडी कुठल्या गावची, फेस कसा बसलाय, आणणारा डोळ्याला डोळा देतोय का. न्हाईतर टेबलाकडं." थांबून म्हणाले, "दोन वर्सं राहिली. डॉकवर नाक न्हाई म्हटल्यावर मला वजनकाट्यावर तरी कोण उभं करंल?"

आणि त्या संस्थेचे चार कॅन? मी विचारलं नाही. तेच बोलले. "त्यादिवशी लई वेळ हुंगलं मी. म्हटलं आज तरी येईल."

कुणाला सांगू नका, असं ते म्हणाले नाहीत. उलट म्हणाले, "तुमच्या मशिनमधी काय लिवायचं ते लिवा." याच वाक्यानं माझी पंचाईत केली.

मी काय केलं ते सांगतो. ऑगस्टच्या सगळ्या नोंदी शिक्षणातून काढून टाकल्या. अहवालात लिहिलं की पावसाळ्यातल्या आर्द्रतेमुळे दुसऱ्या टप्प्यातल्या नोंदी ग्राह्य धरलेल्या नाहीत. हवा दमट होती हे खरं. वाक्यही तपासलं तर खरंच निघेल. गुणवत्ता विभागाच्या साहेबांना तोंडी एवढंच सुचवलं की वासाच्या तपासणीला एकाच माणसावर अवलंबून राहू नका, अल्कोहोलमध्ये फाटलेला प्रत्येक कॅन उकळून बघा. ते 'हो हो' म्हणाले. उकळायला वेळ लागतो, टेम्पोंची रांग लागते, त्यामुळे ते झालं असेल असं मला वाटत नाही. संघानं अहवालातून घ्यायचा तो अर्थ घेतला: यंत्र पावसाळ्यात चालत नाही. मागणी आली नाही. आमच्या मालकांनी मला तासभर झापलं, आणि त्यांच्या बाजूनं त्यांचं बरोबरच होतं. यंत्र चाललं होतं. नकटीला आमच्याकडून बट्टा लागला.

माझ्या एका मित्राचं म्हणणं की मी सरळ सांगायला हवं होतं, एका माणसाच्या नोकरीसाठी शेतकऱ्यांचं दूध परत जात होतं. दूध परत जात होतं हे खरं. त्या सचिवाचा चेहरा मला अजून दिसतो. दुसऱ्या बाजूनं, आंबलेलं दूध अल्कोहोलमुळे अडत होतंच, गावभर आजार पसरणार नव्हता. फार तर एखाद्या पिशवीला मुरघासाचा वास आला असता. पण हा हिशेब मी नंतर मांडलेला आहे. त्या दिवशी कॅन धुण्याच्या जागेमागं असा कुठलाच हिशेब माझ्या डोक्यात नव्हता. आणि एक गोष्ट मित्राला सांगितलेली नाही: वही मी नकटीसाठी वाचली. ठिपके जुळले असते, तर शेऱ्याचा रकाना मी जन्मात उघडला नसता, मग अण्णांना वास येवो न येवो.

डिसेंबरमध्ये यंत्र परत आणायला गेलो. नकटीची वायर काढून, नळी गुंडाळून पेटीत भरत होतो. सकाळचे टेम्पो लागलेले. अण्णा झाकणं उलटी करत होते, तीन-तीन सेकंद, जुन्या लयीत. एका कॅनवर थांबले. पुन्हा नाकाशी नेलं. माझ्याकडं बघून म्हणाले, "मुरघास."

वहीत लिहिलंसुद्धा, शेऱ्याच्या रकान्यात.

कॅन ज्या संस्थेचा होता, तिच्या गावात दिवाळीनंतर मुरघासाच्या पिशव्या वाटल्याचं मला आदल्याच दिवशी टेम्पोवाल्यानं सांगितलं होतं. अण्णांनाही ठाऊक असणार, डॉकवर असल्या गोष्टी सगळ्यांच्या आधी कळतात. नकटीला विचारता आलं असतं, पण तिचे हीटर गार झाले होते, आणि गार झालेले सेन्सर ताळ्यावर यायला एक दिवस लागतो. अण्णा मान कलती करून उभे होते, मी काहीतरी बोलेन म्हणून. मी खाली वाकून झाकणाचा वास घेतला. मला दुधाचा वास आला.

पुढच्या टेम्पोवाल्यानं हॉर्न दिला.